हेतू कुणाचा, परिणाम कुणावर?

साहित्य शिकवायचं कशासाठी, या प्रश्नावर काम करायचं असेल तर गौरी विश्वनाथन यांचं ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) वाचाच. इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय इंग्लंडच्या आधी भारतात रुजला, असं त्या दाखवतात. कंपनीला धर्मात ढवळाढवळ नको होती, पण प्रजेला नैतिक वळण तर लावायचं होतं. मग धर्मशिक्षणाचं काम साहित्याकडे आलं. मांडणी भक्कम आहे.

पण पुरावे बहुतेक राज्यकर्त्यांचे आणि मिशनऱ्यांचे. शिकणाऱ्यांनी त्या शिक्षणाचं काय केलं, हा प्रश्न त्या जाणूनबुजून बाजूला ठेवतात. आगरकरांचंच बघा ना. डेक्कन कॉलेजात शिकले, मिल-स्पेन्सर वाचले, सरकारी नोकरीकडे पाठ फिरवली आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून घरच्याच रूढींवर तुटून पडले. हे कुठल्या सरकारी हेतूत बसतं?

म्हणून २०२० च्या शैक्षणिक धोरणावर प्रबंध लिहिणार असाल, तर नुसता मसुदा वाचून ‘मानव्यविद्यांचं स्वरूप बदललं’ असं ठोकून देऊ नका. मसुद्यातून सरकारला काय हवंय एवढंच कळतं. वर्गात काय घडलं, त्यासाठी उत्तरपत्रिका, वह्या, मुलाखती लागतील. आमच्या विज्ञानातही प्रयोगाचा हेतू लिहिला म्हणजे निष्कर्ष हाती येत नाही.