शिवी 'रुळली' म्हणजे नेमकं काय झालं?

"सिनेमा आणि वेबसिरीजमुळे शिव्या सर्रास झाल्या, आता त्यांचं कुणाला काही वाटत नाही." संशोधन-प्रस्तावात असं वाक्य लिहिणार असाल तर जरा थांबा. यात दोन वेगळे दावे आहेत: वापर वाढला, आणि धार गेली. पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. २०१० साली महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आईचा घो' आला. चारचौघांत जपून उच्चारली जाणारी शिवी थेट पोस्टरवर! नावावरून वादही झाला. अशा वेळी एक युक्तिवाद हमखास येतो: मालवणीत 'घो' म्हणजे नवरा, मग यात वाईट काय? मला हा युक्तिवाद तोकडा वाटतो. 'आई' आणि 'नवरा' दोन्ही शब्द सभ्यच आहेत, शिवी त्यांच्या जोडणीत आहे.

आता ती जोडणी बघा: 'अमक्याच्या आईचा घो'. गाळलेल्या जागा भरा, तसंच आहे हे. सिनेमाने 'अमक्या'च्या जागी शिक्षण बसवलं. मार्कांच्या मागे धावणाऱ्या व्यवस्थेवरचा राग खराच आहे, पण तो काढायला मध्ये आई आलीच. गंमत म्हणजे २०१२ मध्ये प्रकाश राज यांनी हीच कथा तमिळ-तेलुगूत केली, नाव ठेवलं 'धोनी'. कथेचं शिवीवाचून काही अडलं नाही.

याउलट 'च्यायला' घ्या. तोही आईवरूनच आलेला, पण रोजच्या बोलण्यात इतका झिजला की बस चुकली तरी सहज तोंडातून निघतो. समोर कुणी नसलं तरी चालतं. इथे धार बोथट झाली असं म्हणता येईल. म्हणजे एक शब्द झिजत आला, दुसरा पोस्टरवरून उडी मारून आला. दोघांवर 'रुळला' हे एकच लेबल लावलं तर विश्लेषण तिथेच फसतं.

मग मोजायचं काय? नुसती वारंवारिता नको. कोण बोलतं, कुणासमोर, आणि ऐकणाऱ्याला काय वाटतं, हेही नोंदवा. तोच शब्द मुलाने कॅन्टीनमध्ये उच्चारला तर हशा आणि मुलीने उच्चारला तर भुवया वर, असं दिसलं, तर तो 'मुख्य प्रवाहात' आला असं लिहिण्याआधी प्रवाह कुणाचा ते लिहा. प्रश्नावलीत ऐकणाऱ्यांसाठी वेगळा रकाना ठेवा, खरा डेटा तिथेच मिळेल.