‘जानपद’ : एका संज्ञेचे मूळ आणि मर्यादा

रविकिरण मंडळाच्या (स्थापना १९२३) काळातील ग्रामजीवनपर कवितेचा विचार मराठी समीक्षेत ‘जानपदगीत’ या संज्ञेखाली होत आला आहे. गिरीशांचे ‘आंबराई’, ग. ल. ठोकळांची ‘मीठभाकर’ ही नावे त्या संदर्भात हटकून येतात. ‘आयडिल’ला जवळची म्हणून ही संज्ञा रुळली. त्या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थ केवळ ‘लहानसे चित्र’ असा आहे; त्यात खेडे नाही. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील थिओक्रिटसच्या या नावाच्या रचनांपैकी एक तर चक्क अलेक्झांड्रिया शहरात घडते. रानाचा गंध शब्दाला मागाहून चिकटला.

‘जानपदा’चा प्रवास याच्या उलट झाला. जनपदात राहणारा तो जानपद. ‘पौरजानपद’ या समासात तो नगरवासीयाच्या जोडीने उभा असतो. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त जनपद हे राज्याच्या सात अंगांपैकी एक आहे. तेथे त्याचे मोल पीक, कर आणि मनुष्यबळ यांवर ठरते, रमणीयतेवर नव्हे. आधुनिक कवितेने शब्द घेतला, त्यातला करभार तेवढा गाळला. ‘ग्राम्य’ हा शब्द हाताशी असूनही तो नाकारला जाणे स्वाभाविक होते. मम्मटाने ‘ग्राम्य’ची गणना काव्यदोषांतच केली आहे. खेड्याविषयी लिहावे, पण खेडवळ ठरू नये, ही पांढरपेशा अभिरुचीची अडचण ‘जानपद’ने सोडवली.

कन्नडशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथे ‘जानपद’ म्हणजे लोकसाहित्य, लोकांनी स्वतः रचलेले आणि जपलेले. मराठीत लोकांविषयी इतरांनी लिहिलेले ते ‘जानपद’. शब्द एकच, कर्ता बदलला. आनंद यादवांच्या ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ (१९७९) या ग्रंथाच्या काळापर्यंत ‘ग्रामीण’ ही संज्ञा पुढे आली होती. हा बदल केवळ परिभाषेचा मानणे अपुरे आहे. ‘जानपद’चा उच्चार नगरातूनच होऊ शकतो, गावातला माणूस स्वतःला तसे म्हणत नाही. देहूच्या तुकोबांनी स्वतःला कुणबीच म्हटले. पिंपरीच्या कारखानदारी पट्ट्यातील वसाहतीला त्यांचे नाव देताना मात्र पुढे ‘नगर’ लागले. त्या संत तुकाराम नगरातील स्थलांतरिताच्या तोंडी ‘गावाला जाणे’ हाच प्रयोग असतो, आणि त्यात आंबराईइतकीच गहाण पडलेली जमीनही असू शकते.