ग्रह आणि बटुग्रह : एका लक्षणाची परीक्षा

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशातील विद्यार्थी खगोलशास्त्राच्या वर्गात येतो, तो कोऱ्या मनाने येत नाही. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश व आंध्र प्रदेश येथील सुमारे १५ गोंड गावांत पाहणी करून २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून गोंडांची आकाशदृष्टी रूढ ज्योतिषाहून निराळी असल्याचे दिसते. मृगाच्या ताऱ्यांत त्यांना नांगर दिसतो, सप्तर्षींच्या चौकोनात खाट. म्हणजे आकाशाची मांडणी पाहणाराच्या प्रयोजनानुसार होते. आपल्या नवग्रहांत सूर्यचंद्रांबरोबर राहू-केतूही आहेत, तेही याच न्यायाने. मात्र ‘ग्रह आठ, बटुग्रह पाच’ हे सूत्र शिकविताना त्यामागील प्रयोजन सहसा सांगितले जात नाही.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २००६ साली प्राग येथे ग्रहाचे लक्षण ठरविले. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाने तो जवळजवळ गोल झालेला असावा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटी पाळणारा, तिसरी न पाळणारा आणि उपग्रह नसणारा तो बटुग्रह. १९३० साली सापडलेला प्लूटो व १८०१ साली सापडलेला सेरेस हे या वर्गात आले.

नैयायिकांच्या कसोटीवर तिसरी अट शब्दशः घेतली तर अव्याप्तीचा दोष येतो. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढेमागे हजारो लघुग्रह आहेत. नेपच्यूनची कक्षा तर प्लूटोच ओलांडतो. १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याला जवळ होता. मग गुरू व नेपच्यून हेही ग्रह नव्हेत काय?

परंतु दोष शब्दयोजनेचा आहे, आशयाचा नाही. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणांत प्लूटोच्या दोन होतात. हा मेळ नेपच्यूनच्या गुरुत्वाने राखला आहे. गुरूच्या सोबत्यांनाही गुरूनेच बांधले आहे. ‘मोकळा करणे’ याचा खरा अर्थ ‘परिसरावर सत्ता असणे’ हा होय. या सत्तेचे गणित मांडले असता आठ ग्रह एका बाजूस व बटुग्रह दुसऱ्या बाजूस पडतात, आणि मधले अंतर फार मोठे आहे. ग्रह् म्हणजे पकडणे. आपल्या जुन्या शब्दाचा धात्वर्थ येथे अनपेक्षितपणे जुळतो. हा जुळा केवळ योगायोग असला, तरी अध्यापनास उपयोगी आहे.

भूशास्त्रज्ञ मात्र पिंडाची घटना पाहतो. त्याला प्लूटोवरील बर्फाचे पर्वत ग्रहाला साजेसेच वाटतील. त्याचा प्रश्न निराळा, म्हणून त्याचे वर्गीकरणही निराळे. यात कोणी अडाणी ठरत नाही.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. बटु असा ग्रह तो बटुग्रह, असा विग्रह केल्यास तो ग्रहाचाच एक प्रकार ठरतो. ठरावानुसार तो वर्ग वेगळा आहे. मृगजळात जळ नसते हे सर्वांस ठाऊक असते; बटुग्रहाविषयी ते मुद्दाम सांगावे लागते. विद्यार्थ्याने प्लूटोला ग्रह म्हटले तर ती चूक बहुधा त्याची नसून समासाची असते.

गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात हे दोन्ही जिल्हे येतात. येथील अध्यापकाने ‘ग्रह किती?’ या प्रश्नाआधी ‘कशासाठी मोजावयाचे?’ हा प्रश्न विचारावा. नांगर व खाट पाहणाऱ्या मुलास तो चटकन समजेल.