नकाशावरील करडा रंग : इतिहासाधारित व्यूहात्मक खेळांतील बंडखोराची संकल्पना

‘बंड’ हा शब्द स्वयंपूर्ण नाही. बंड नेहमी कोणाच्या तरी विरुद्ध असते, आणि ज्याच्या विरुद्ध ते असते त्याची सत्ता वैध आहे असे तो शब्द उच्चारतानाच मान्य केलेले असते. त्यामुळे एखाद्या संहितेत बंडखोर कोणाला म्हटले आहे याचा शोध हा त्या संहितेच्या निवेदकाचे स्थान निश्चित करण्याचा एक भरवशाचा मार्ग ठरतो. बखर, तवारीख, सरकारी अहवाल, कादंबरी या प्रकारांच्या संदर्भात हा शोध पुष्कळ झाला आहे. इतिहासाधारित व्यूहात्मक व्हिडिओ गेम या प्रकाराकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. वास्तविक अनेक तरुण वाचकांची मध्ययुगीन युरोपशी पहिली ओळख आज याच प्रकारातून होते. इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ या ग्रंथात दाखवून दिले की खेळ आपले प्रतिपादन शब्दांपेक्षा नियमांतून करतो. हे मान्य केले तर बंडखोरांविषयीचे नियम हे एक प्रकारचे गद्यच होय, आणि ते वाचता आले पाहिजे.

ब्रिटनमधील क्रिएटिव्ह असेम्ब्ली या संस्थेचे ‘रोम : टोटल वॉर’ (२००४) आणि ‘मिडीव्हल टू : टोटल वॉर’ (२००६) हे दोन खेळ या दृष्टीने लक्षणीय आहेत. त्यांच्या नकाशावर प्रत्येक राज्याला स्वतःचा रंग, ध्वज आणि राजघराणे आहे. उरलेला सर्व भूभाग करड्या रंगाचा असून त्याचा धनी एकच, ‘रिबेल्स’. ‘मिडीव्हल टू’चा आरंभ इ. स. १०८० मध्ये होतो. इंग्लंडचे राज्य निवडणाऱ्या खेळाडूला यॉर्क आणि डब्लिन ही दोन्ही शहरे बंडखोरांच्या ताब्यात दिसतात. यॉर्कच्या बाबतीत निदान इतिहासाची एक छाया तेथे आहे. उत्तर इंग्लंडने विल्यमविरुद्ध उठाव केला होता आणि १०६९-७० च्या हिवाळ्यात त्याच्या सैन्याने तो प्रदेश उद्ध्वस्त केला होता. १०८० मध्ये मात्र यॉर्क नॉर्मन सत्तेखालीच होते. डब्लिनची गोष्ट निराळी. नॉर्मन सैन्य तेथे पोचले ते ११७० मध्ये. ज्या राजाची सत्ता अद्याप आलेलीच नाही, त्याच्याविरुद्ध शहराने बंड कसे करावे?

या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या व्याकरणात आहे. ‘ज्याने सत्ता झुगारली तो’ आणि ‘ज्याच्यावर अद्याप सत्ता बसली नाही तो’ या दोन सर्वस्वी भिन्न अवस्था येथे एकाच संज्ञेत मिटवल्या आहेत. विजयापूर्वीचे स्वातंत्र्य आणि विजयानंतरचा उठाव यांना एकच रंग दिला की विजय ही मधली घटनाच अदृश्य होते. जिंकणे हे जणू परत घेणे ठरते. खेळाच्या अंतर्गत फायलींत या पक्षाला दिलेले नाव अधिकच बोलके आहे. तेथे त्याला ‘स्लेव्ह’, म्हणजे गुलाम, असे म्हटले आहे. रोमच्या खेळात पडलेले हे नाव मध्ययुगीन युरोपच्या खेळातही तसेच राहिले. खेळाडूला ते पडद्यावर दिसत नाही; पण व्यवस्था बंडखोराला आतून कोणत्या नावाने ओळखते हे त्यावरून कळते.

या बंडखोराशी व्यवहार कसा करायचा, याचेही नियम ठरलेले आहेत. त्याच्याशी तह होत नाही, व्यापाराचा करार होत नाही, सोयरीकही होत नाही. वकील पाठवला तर एकच गोष्ट शक्य असते : लाच देणे. बंडखोराला किंमत आहे, म्हणणे नाही. रणजित गुहा यांनी १९८३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात वसाहतकालीन अहवालांच्या गद्याची चिकित्सा करताना दाखवले होते की तेथे शेतकऱ्यांचा उठाव वणवा, वादळ किंवा साथीचा रोग अशा नैसर्गिक आपत्तींच्या रूपकांत मांडला जातो. उठावकर्त्याची जाणीव त्या गद्यातून वगळलेली असते. खेळात ही रूपके उरत नाहीत. त्यांची जागा एक टक्केवारी घेते. सुव्यवस्थेचा आकडा खाली गेला की शहर उठते. का उठले, याचे उत्तर कर, अस्वच्छता, राजधानीपासूनचे अंतर अशा चिन्हांच्या रांगेत मिळते. माणसाच्या तोंडून मिळत नाही.

स्वीडनमधील पॅराडॉक्स संस्थेच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस फोर’ (२०१३) या खेळात याहून सूक्ष्म मांडणी आहे. १४४४ ते १८२१ हा काळ व्यापणाऱ्या या खेळात बंडखोरांचे प्रकार पाडले आहेत : शेतकरी, सरदार, गादीचे दावेदार, धर्माभिमानी, फुटून निघू पाहणारे. प्रत्येकाची मागणी नोंदलेली आहे. राजाने ती मान्य करावी, प्रांताला अधिक स्वायत्तता द्यावी, किंवा कठोर उपाय योजावेत. बंडखोराला येथे वाचा मिळाली, हे नाकारता येणार नाही. परंतु ही वाचा छापील अर्जासारखी आहे; रकाने राज्याने आखलेले आणि अर्जदाराने फक्त खूण करायची. प्रत्येक पर्यायाचे मोलही राज्याच्याच खात्यावर मोजले जाते.

मराठी अभ्यासकाला या संदर्भात ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) हा खेळ विशेष विचारात घ्यावा लागेल. १७०० मध्ये सुरू होणाऱ्या या खेळात ‘मराठा कॉन्फेडरसी’ हे खेळाडूला निवडता येणारे राज्य आहे. त्याच वर्षी औरंगजेब दख्खनमध्ये मराठ्यांचे किल्ले वेढत होता. मार्चमध्ये राजारामांचे निधन झाले, एप्रिलमध्ये सातारा मोगलांच्या हाती गेला. मोगल दरबाराच्या दृष्टीने मराठे तेव्हा बंडखोर होते, आणि ज्याला पुढे मराठा मंडळ म्हटले गेले ते अजून आकाराला यायचे होते. तरी खेळ त्यांना रंग आणि ध्वज देतो, कारण पुढे काय झाले ते त्याला ठाऊक आहे. थोडक्यात, करडा रंग कोणाला आणि स्वतःचा रंग कोणाला, याचा निवाडा भावी यशावरून झालेला असतो.

तुलनेसाठी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) घेता येईल. त्याच्या उपशीर्षकात १८५७ चे वर्णन ‘बंड’ असेच आहे. शब्द राज्यकर्त्यांना मानवणारा आहे. पण दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात स्वतः अडकला होता. तो सिंहासनावरून पाहत नाही, तटाच्या आतून पाहतो. म्हणून त्याच्या कथनातील बंडवाल्यांना नावे आहेत, भूक आहे, भय आहे. शब्द तोच राहून निवेदकाचे स्थान बदलले की अर्थ किती बदलतो याचे हे उदाहरण होय. व्यूहात्मक खेळाला नेमके हेच स्थानांतर जमत नाही. ‘रोम टू’ (२०१३) मध्ये शंभराहून अधिक पक्षांना नावे मिळाली आणि आरंभीच्या नकाशावरील करडा प्रदेश गेला. पण नंतर उठणारा माणूस निनावीच राहिला.

या खेळांच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की करडा प्रदेश ही रचनाकाराची गरजही असते. आरंभी सर्वच राज्यांना विस्ताराला जागा लागते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. ‘रोम’च्या खेळाडूंत एक युक्ती रूढ झाली होती. फार वाढलेले, असंतुष्ट शहर आवरेनासे झाले की त्यातून सैन्य मुद्दाम काढून घ्यायचे, शहराला बंड करू द्यायचे, मग ते पुन्हा जिंकून संहाराचा पर्याय निवडायचा. लोकसंख्या घटते, अस्वच्छता घटते, सुव्यवस्थेचा आकडा वर जातो. स्वतःच्या प्रजेचा संहार करण्याची मुभा खेळ देत नाही. बंडखोरांचा मात्र करता येतो. म्हणून प्रजेला आधी बंडखोर करावे लागते.

दरबारी इतिहासकार जे विशेषणांआड लपवतो ते येथे नियमांनी उघडे ठेवले आहे. बंडखोर ही सत्तेला सापडणारी वस्तू नाही. सत्ता ती गरजेप्रमाणे घडवते. रचनाकारांच्या मनात हे प्रतिपादन असेलच असे नाही. तथापि संहितेला तिच्या कर्त्यापेक्षा अधिक कळते हा अनुभव साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही, आणि या नव्या प्रकारातही तो उपयोगी पडावा.