दोन बीप, तीन अर्थ

डेव्हिड हाइंड्स यांची ‘पीसीएमसीआयए-हाऊटू’ ही लिनक्सवरील मार्गदर्शिका आज फारसे कोणी उघडत नसेल. लॅपटॉपच्या खाचेत सरकवायची क्रेडिट कार्डाएवढी मोडेम कार्डे मागे पडली आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडण्याचे दिवसही गेले. आणे किंवा बेल्ह्याच्या शाळेत असे कार्ड सापडलेच, तर ते विज्ञान प्रदर्शनात मांडावे लागेल. तरीही दोष कसा शोधावा हे शिकवणारे लेखन म्हणून ही मार्गदर्शिका शिक्षकांनी वाचावी, असे मला वाटते.

कार्ड खाचेत बसले की ‘कार्ड मॅनेजर’ हा प्रोग्रॅम बीप वाजवीत असे. दोन्ही बीप उंच पट्टीतले असले तर कार्ड ओळखले गेले आणि कामालाही जुंपले गेले. पहिला उंच व दुसरा खालचा, म्हणजे ओळख पटली पण जुळणी फसली. एकच खालचा बीप, म्हणजे ओळखच पटली नाही. ‘मोडेम चालत नाही’ ही मोघम तक्रार इथे जागच्या जागी फुटते, आणि पुढे कुठे पाहायचे ते पडद्याकडे न बघताही कळते. आपल्या प्रयोगवह्यांत मात्र ‘सैल जोडण्या’ हे एकच उत्तर वर्षानुवर्षे उतरवले जाते. कोणती जोडणी सैल, हे परीक्षकही विचारत नाहीत!

पण दोन्ही बीप उंच वाजले, मोडेमने ‘एटी’ या आज्ञेला ‘ओके’ असे उत्तरही दिले, आणि तरी अक्षरे पडद्यावर रखडत उमटू लागली तर? इथे बीपची भाषा संपते आणि डेव्हिड लॉयर यांची ‘मोडेम-हाऊटू’ सरस ठरते. मोडेमकडे मजकूर आला की तो संगणकाचे दार ठोठावतो. यालाच इंटरप्ट म्हणतात. जुन्या संगणकांत अशी दारे मोजकीच होती. मोडेमचा इंटरप्ट क्रमांक चुकीचा नोंदलेला असला किंवा दुसऱ्या एखाद्या कार्डाशी भिडला, तर ठोठावणे ऐकूच जात नाही. १६५५०ए या चिपमध्ये येणारी फक्त १६ अक्षरे साठतात. संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवला आणि एका अक्षराला १० बिट धरले, तर ही साठवण सुमारे १.४ मिलिसेकंदांत भरते. हा हिशेब दहावीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घेता येईल. लॉयर यांचा दोष मांडणीचा आहे. पार्श्वभूमी पुढे आणि दोषांची लक्षणे पार मागे! ज्याच्या फोनचे मीटर पळते आहे, तो पुस्तक मागूनच उघडणार.

दोन्ही मार्गदर्शिका जिथे हात टेकतात ती जागा म्हणजे ‘विनमोडेम’. या मोडेममध्ये स्वस्ताईसाठी काही चिपच गाळलेल्या असत. त्यांचे काम संगणकाचा प्रोसेसर करी, तेही विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममार्फत. कार्डाचा आतला तपशील बहुतेक उत्पादक जाहीर करीत नसत. त्यामुळे चिपचे काम प्रोग्रॅमकडे देणे हीच लबाडी, असा समज लिनक्सवाल्यांत रुजला. तो मला पटत नाही.

त्याला उत्तर आण्यापासून जवळच, खोडदला आहे. तिथल्या जीएमआरटी या दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांचा मेळ घालण्याचे काम पूर्वी खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करीत असे. त्याच कामासाठी बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून, लिनक्सवर चालणाऱ्या ४८ संगणकांचा एक संच उभारला गेला. त्याचे वर्णन २०१० मध्ये शोधनिबंधात प्रसिद्ध झाले. म्हणजे यंत्राचे काम प्रोग्रॅमने करण्याची ही युक्ती विनमोडेमचीच. फरक इतकाच, की इथे आत काय चालले आहे ते बांधणाऱ्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते लिहून ठेवले. हाइंड्स आणि लॉयर यांना विनमोडेमबाबत नेमके हेच मिळाले नाही.

२००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीपासून कार्ड मॅनेजरची जागा नव्या साधनांनी घ्यायला सुरुवात केली. ती अधिक सुटसुटीत आहेत, पण ते बीप त्यांत नाहीत.