पनवेल नगरपालिकेचे खरेदी-दप्तर व गॅझेटियरांची साक्ष

पनवेलच्या नगरकारभाराविषयी लिहिणारे बहुतेक लेखक दोन विधानांपाशी थांबतात. नगरपालिकेची स्थापना २५ ऑगस्ट १८५२ रोजी झाली, हे पहिले; आणि ती महाराष्ट्रातील आद्य नगरपालिका होय, हे दुसरे. पहिले विधान संस्थेच्या स्वतःच्या परंपरेस धरून आहे. दुसऱ्याविषयी सावधगिरी हवी. कारण सोलापूरही आपल्या नगरपालिकेचे वर्ष १८५२ असेच सांगते, आणि १८५० च्या सव्विसाव्या कायद्याचा आश्रय त्या दशकात इलाख्यातील इतरही गावांनी घेतला होता. परंतु पहिलेपणाचा हा वाद आम्ही गौण समजतो. संस्था केव्हा जन्मली, याहून तिने रयतेचा पैसा कसा वेचला, कोणाकडून काय विकत घेतले व त्याचा पुरावा कोठे उरला, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. त्याचे उत्तर आजवरच्या छापील साधनांत कितपत मिळते, हे येथे तपासावयाचे आहे.

ह्या साधनांत अग्रस्थान अर्थातच गॅझेटियरांस द्यावे लागते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड, म्हणजे ठाणे जिल्ह्याचा, १८८२ साली निघाला. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ साली तो कुलाब्यास जोडला गेला. कुलाबा व जंजिऱ्याचा अकरावा खंडही १८८३ चाच. त्यामुळे पुढील जिल्हा प्रमाण मानून पनवेलची स्वतंत्र नोंद अकराव्या खंडात शोधणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परततो. ही अडचण क्षुल्लक वाटेल. पण दप्तराचा शोध घेतानाही हीच चकवाचकव पुढे येते, म्हणून ती आरंभीच नोंदवली.

कॅम्बेलच्या संपादनाखाली झालेल्या त्या कामाची थोरवी आम्ही नाकारीत नाही. पनवेलची खाडी, बोरघाटाच्या वाटेने चालणारी मालाची ने-आण, गाडीची चाके बनविण्याचा तेथील धंदा, ह्यांविषयी त्या ग्रंथाचा आधार घेतल्यावाचून आजही पाऊल टाकता येत नाही. परंतु नगरपालिकेपाशी येताच ह्या मालिकेची लेखणी आखडते. उत्पन्न इतके, खर्च इतका, दरडोई बोजा इतका, एवढे सांगून ती पुढे सरकते. त्यातही त्या काळच्या खंडांत रक्कम आधी पौंडांत व मागून रुपयांत देण्याची रीत. म्हणजे जो पैसा आणे-पैंनी गोळा झाला, तो वाचकापुढे परक्या नाण्यात उभा राहतो. कुलाबा जिल्ह्याचे सुधारलेले गॅझेटियर १९६४ साली निघाले. त्यात स्थानिक स्वराज्यास स्वतंत्र प्रकरण मिळाले. तरी पद्धत मूळचीच राहिली. खर्चाची शीर्षके वाढली, खर्चाची कथा वाढली नाही.

हा दोष संपादकांच्या आळसाचा नव्हे. गॅझेटियर अधिकाऱ्यांच्या उपयोगासाठी रचले गेले. आणि अधिकाऱ्यास बेरीज पुरते. संशोधकास ती पुरत नाही. बेरीज हा निकाल आहे, साक्ष नव्हे. साक्ष हवी असेल तर खरेदीची कागदपत्रे क्रमाने लावून पाहिली पाहिजेत.

समजा, नगरपालिकेस दिवाबत्तीचे तेल घ्यावयाचे आहे. प्रथम खात्याची मागणी, मग अंदाजपत्रकातील तरतूद, मग निविदेची जाहिरात, आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, सभेचा किंवा समितीचा ठराव, पुरवठ्याचा हुकूम, माल आल्यावर साठा-वहीतील नोंद, पुरवठादाराचे बिल, पैसे दिल्याचे प्रमाणक, आणि अखेरीस रोकड-कीर्द. ह्यांतील प्रत्येक कागद निराळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. गरज खरी होती का, हे मागणी सांगते. स्पर्धा झाली का, हे तक्ता सांगतो. माल प्रत्यक्ष आला का, हे साठा-वही सांगते. एकट्या ठरावाने ह्यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. ठराव फक्त संमती दाखवितो. शिवाय ठरावात वादविवाद क्वचितच उतरतो. कोणी हरकत घेतली, ती का मागे घेतली, हे त्याच्या मुकेपणात दडून राहते.

मराठी दप्तराशी परिचय असणाऱ्या वाचकांस ही रचना अनोळखी वाटू नये. पेशवाईत मोठ्या मामलतीवर दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जमादार व पोतनीस असे दरकदार असत. त्यांस काढण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. आणि त्यांच्या हातून गेल्यावाचून हिशेबाचा कागद पुरा होत नसे. एकाने खर्च करावा, दुसऱ्याने लिहावा, तिसऱ्याने रुजुवात घालावी, हे तत्त्व इंग्रजी अमदानीने ह्या देशास शिकविले असे नव्हे. इंग्रजी कायद्याने नवे आणले ते इतकेच की, खर्चास संमती देणारी सभा गावची झाली, आणि तिच्या सभासदावर ठेक्यात हितसंबंध न ठेवण्याचे बंधन आले. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात हे बंधन आहे व १९६५ च्या कायद्यातही आहे. कायदा ज्या धोक्याची शंका इतका काळ बाळगतो, तो धोका पनवेलीत प्रत्यक्ष उद्भवला की नाही, हे गॅझेटियरच्या बेरजेवरून सात जन्मांतही कळणार नाही.

येथे एक आक्षेप संभवतो: लेखापरीक्षणाचे अहवाल आहेत, ते पुरेसे नव्हेत काय? मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा १९३० साली झाला. तेव्हापासूनचे अहवाल हे निःसंशय अव्वल दर्जाचे साधन होय. परंतु त्यांची प्रकृती ओळखून ते वाचावे लागतात. लेखापरीक्षक दोष तेवढा टिपतो. बिनचूक झालेल्या खरेदीवर तो शेरा मारीत बसत नाही. केवळ आक्षेपांवरून इतिहास रचणारास सारी नगरपालिका लबाड दिसेल, आणि केवळ वार्षिक अहवालांवरून रचणारास ती निर्मळ दिसेल. दोन्ही चित्रे एकांगी. मूळ प्रमाणक समोर असेल तरच त्यांचा निवाडा होतो.

लोकल बोर्डाची गोष्ट ह्याहून बिकट आहे. १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा पट्टी बसली. तिचे दोन तृतीयांश रस्त्यादी कामांस व एक तृतीयांश शाळांस, अशी वाटणी होती. १८८४ साली जिल्हा व तालुका बोर्डे कायद्याने उभी राहिली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांनी त्या परंपरेची जागा घेतली. शहराच्या हद्दीतील रस्ता नगरपालिकेचा, हद्दीपलीकडचा बोर्डाचा. खडी पुरविणारा ठेकेदार मात्र दोन्हीकडे एकच असू शकतो. त्याने दोहोंकडे एकच दर लावला काय, हे पाहावयाचे तर दोन्ही दप्तरे शेजारी मांडावी लागतील. प्रत्यक्षात जिल्हा १८८३ साली बदलला, १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले, आणि कागदांची वाट पनवेल, ठाणे, अलिबाग व मुंबईचे पुराभिलेखागार अशी चोहोंकडे फुटली.

आता मुख्य चिंतेकडे वळू. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडण्याची रीत आहे. अ वर्ग कायम, ब वर्ग तीस वर्षे, आणि उतरत्या क्रमाने ड वर्ग अवघे एक वर्ष. ही व्यवस्था कचेरीच्या सोयीची आहे व तीवाचून कपाटे फुटतील, हे आम्ही जाणतो. परंतु तिचा स्वाभाविक परिणाम असा की, ठराव-वही टिकते आणि बिले, दरपत्रके, साठ्याच्या चिठ्ठ्या रद्दीत जातात. म्हणजे निकाल जतन होतो व साक्ष नष्ट होते. गॅझेटियरने जे एकदा अज्ञानाने केले, तेच दप्तरखाना नियमाने करतो.

पनवेलच्या बाबतीत ही चिंता तातडीची आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आसपासची गावे व वसाहती तीत आल्या, कायदा बदलला, आणि खरेदीची संमती स्थायी समितीच्या कक्षेत आली. त्याच वर्षी १ डिसेंबरच्या शासन निर्णयाने सरकारी खरेदीच्या नियमपुस्तिकेस नवे रूप मिळाले, आणि निविदेचा लिफाफा संगणकाच्या पडद्यावर गेला. जुन्या संस्थेची कपाटे नव्या संस्थेस ओझे वाटू लागण्याचा काळ तो हाच. वडाळे तलाव अथवा देहरंगचे धरण डोळ्यांस दिसते, म्हणून त्याची काळजी करणारे भेटतात. त्यांवर झालेल्या खर्चाची प्रमाणके कोणास दिसत नाहीत.

संग्राहकांस आमची विनंती आहे. सनदा, महजर, वंशावळी ह्यांच्या मागे आपण फिरतोच. पण जुन्या पेढ्यांच्या व ठेकेदार घराण्यांच्या वह्यांत नगरपालिकेशी झालेल्या देवघेवीची दुसरी बाजू असण्याचा संभव आहे. कचेरीतले प्रमाणक गेले असले, तरी पुरवठादाराच्या खतावणीत तीच रक्कम जमेस असेल. मोडीतील असे एक पान रद्दीवाल्याच्या तराजूतून वाचले, तरी ते छापील बेरजेच्या दहा ओळींस भारी ठरेल. आणि संस्थेकडे मागणी एवढीच की, नाश करण्यापूर्वी यादी करावी. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने सूचीबद्ध दप्तर हे तिचे कर्तव्यच ठरविले आहे. पनवेलची नगरपालिका पहिली होती की दुसरी, ह्याचा निर्णय मग सावकाश होवो.