तुनहुआंग : न पाहिलेल्या भूमीची कादंबरी

ऐतिहासिक कादंबरी लिहावयाची तर लेखकाने ती भूमी स्वतः पायांखाली घातली पाहिजे, असा एक दंडक आपल्याकडे रूढ आहे. प्रस्तावनेत परदेशप्रवासाची नोंद आली की ग्रंथास आपोआप प्रामाण्य लाभते, असेही मानले जाते. जपानी कादंबरीकार यासुशी इनोउए (१९०७–१९९१) यांच्या बाबतीत हा क्रम उलटा घडला. त्यांची 'तुनहुआंग' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. चीन व जपान यांचे राजनैतिक संबंध १९७२ मध्ये पूर्ववत झाले आणि इनोउए प्रत्यक्ष तुनहुआंगला पोहोचले ते १९७८ साली. तोवर ते वाळवंट त्यांनी केवळ ग्रंथांतून पाहिले होते. तरीही वाळूतून चालणाऱ्या सैन्याची वर्णने कोठे उसनी वाटत नाहीत.

कथा अकराव्या शतकातील आहे. ऐन राजपरीक्षेच्या वेळी झोप लागून संधी गमावलेला चाओ शिंगते बाजारात विक्रीस मांडलेल्या एका शीशिया स्त्रीची सुटका करतो. तिने दिलेल्या कापडाच्या तुकड्यावरील अनोळखी लिपी त्याला पश्चिमेकडे ओढून नेते. तो सैनिक होतो, ती लिपी शिकतो, सूत्रांच्या भाषांतराला हात घालतो आणि अखेर युद्ध दाराशी आले असता सूत्रग्रंथ लेण्यात दडवतो. या कथेचा आधार खरा आहे. १९०० साली वांग युआनलू या ताओपंथी साधूस मोकाओच्या सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात हजारो हस्तलिखिते सापडली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन व १९०८ मध्ये पॉल पेलिओ यांनी त्यांतील मोठा भाग नेला. इ.स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र त्यांतलेच.

परंतु ग्रंथ का दडवले गेले? इनोउए शीशिया आक्रमणाकडे बोट दाखवतात. आमचा आक्षेप येथे आहे. लेण्यातील सर्वांत अलीकडचे, साल नोंदलेले हस्तलिखित इ.स. १००२ चे, शीशियांनी शाचौ, म्हणजेच तुनहुआंग, घेतले ते १०३६ च्या सुमारास. मधल्या तीसेक वर्षांचे काय? शिवाय शीशिया राजे स्वतः बौद्ध होते. त्यांनी आपल्या लिपीत त्रिपिटकाचे भाषांतर करविले, मोकाओची लेणी रंगविली. अशा राज्यकर्त्यांपासून सूत्रे लपवावी का लागावीत? ग्रंथ जीर्ण झाल्याने आदराने बाजूस ठेवले गेले असावेत, किंवा १००६ साली खोतानचा पाडाव झाल्यावर काराखानी आक्रमणाची धास्ती पसरली असावी, ही अभ्यासकांची मते आम्हांस अधिक पटतात. वाळवंट पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसते. त्यास पुराव्यांची सालवारीच लागते.

पूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारले होते, की एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर वृद्ध, रोगी वा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे कसे मानावे? परंपरेने दिलेली कथा कितीही सुंदर असो, ती बुद्धीला पटते काय, हा पहिला प्रश्न. कादंबरीकारास कल्पनेचे स्वातंत्र्य असते हे आम्हांस मान्य आहे. पण ज्या कादंबरीवरून १९८८ साली मोठा चित्रपट निघाला, तिची कल्पना हजारो वाचकांच्या मनात इतिहास म्हणून बसते.

दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. बाजारातील ती स्त्री कापडापुरतीच कथेत येते. पुढे तिचे काय झाले, हे लेखक विचारीत नाही. तुनहुआंगच्या हस्तलिखितांत सूत्रांखेरीज कर्जरोखे आहेत, माणसांच्या विक्रीचे करारही आहेत. त्यांपैकी दहाव्या शतकातील एका करारात, दारिद्र्याने गांजलेल्या एका विधवेने आपला सात वर्षांचा मुलगा विकल्याची नोंद आहे. विहारांना जोडलेली राबती कुटुंबे होती, संघाचे धान्य व्याजाने दिले जात होते. धम्माच्या नावाने उभ्या असलेल्या त्या नगरात हे घडत होते, आणि आम्हा बौद्धांना ते टाळून चालणार नाही. त्याच लेण्यात, सूत्रांच्याच गठ्ठ्यांत पडलेले हे कागद वाचावयास गोबीचे वाळवंट ओलांडावे लागत नाही. लंडन व पॅरिस येथील ग्रंथालयांत ते जतन केलेले आहेत.